गर्भपाताची गोळी : निर्बंध कोठे आणि मुभा कोठे

(मोडनिंब, तालुका माढा, येथे पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरावरील कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय चारचौघांत काढण्याचा नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणूनच तो औषधाच्या दुकानात हलक्या आवाजात उरकला जातो आणि त्याचे परिणाम मात्र एखाद्या घराला आयुष्यभर सोसावे लागतात.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने गर्भपात हा गुन्हा ठरविला होता; मातेचा जीव वाचविणे एवढाच त्याला अपवाद होता. चोरून होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया दगावत असल्याने केंद्र शासनाने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालाच्या आधारे वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. कायद्याचा जन्मच मुळी स्त्रीच्या प्राणरक्षणासाठी झाला, हे ध्यानात असू द्यावे.

२००२ मध्ये मिफेप्रिस्टोन या औषधास आपल्या देशात मान्यता मिळाली. गर्भ टिकवून धरणाऱ्या संप्रेरकाचे कार्य हे औषध रोखते. त्यानंतर एक-दोन दिवसांनी घ्यावयाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांमुळे गर्भाशय आकुंचन पावते. नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ही पद्धत सुरक्षित आहे. परंतु गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत वाढत असेल, तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि नलिका फुटून प्राणावर बेतते. रक्तक्षय असलेल्या स्त्रीलाही जादा रक्तस्राव झेपत नाही. हे दुकानदाराला नुसते पाहून कळणार कसे? यास्तव या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई आहे. कायद्याने पात्र नसलेल्या व्यक्तीने गर्भपात केल्यास दोन ते सात वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे.

येथवर निर्बंधाबद्दल दुमत असू नये. मात्र पुढे जे घडले त्याचा विचार करावयास हवा. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा देशात सर्वप्रथम आपल्या राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. २०१२ मध्ये परळीचे आणि २०१७ मध्ये म्हैसाळचे प्रकरण उघडकीस आले. २०१२ नंतर अन्न व औषध प्रशासनाच्या तपासण्या कडक झाल्या, आणि नसती चौकशी मागे नको म्हणून अनेक औषध विक्रेत्यांनी या गोळ्या ठेवणेच सोडून दिले.

वस्तुतः सोनोग्राफीत गर्भाचे लिंग बाराव्या आठवड्याच्या आत खात्रीने सांगता येत नाही. गोळ्यांची मुदत नवव्या आठवड्यालाच संपते. मुलगी आहे म्हणून केला जाणारा गर्भपात त्यामुळे बहुधा या गोळ्यांच्या मुदतीबाहेरचा असतो. तेथे पहारा हवा तो सोनोग्राफी केंद्रावर. गोळी दुकानातून नाहीशी झाली म्हणून मुलगी वाचत नाही. अडलेली स्त्री तेवढी भोंदू वैद्याच्या दारात जाते. माझ्या मते चिठ्ठी तपासणे व विक्रीची नोंद पाहणे हे प्रशासनाचे कर्तव्यच आहे, पण रीतसर चिठ्ठी असताना औषध न मिळणे हे कायद्याला अभिप्रेत नाही.

आणखी एक गैरसमज. पतीची सही लागते, असे सर्रास सांगितले जाते. अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. २०२१ च्या दुरुस्तीने स्त्रीचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक झाले असून त्याचा भंग करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संततिनियमनाचे साधन अयशस्वी ठरल्याची तरतूद पूर्वी विवाहितेपुरती होती. त्या दुरुस्तीने ‘पती’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीचा लाभ अविवाहितेलाही दिला. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कोणाच्या सुनेची चर्चा करणाऱ्यांनी गुप्ततेचे कलम अवश्य वाचावे!

शिक्षिकांनी व आशा कार्यकर्तींनी सांगावे ते एवढेच : पाळी चुकताच दिवस मोजा, लवकर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गोळ्या घेतल्यावर लागोपाठ दोन तास दर तासाला दोन घड्या भिजू लागल्या, ताप आला किंवा चक्कर आली, तर लाजेपोटी घरी थांबू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्या तालुक्यात गळीत हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात. त्यांतील स्त्रीला दवाखान्यात जायचे तर खाडा पडतो, खाडा पडला की पैसे कापले जातात. तपासणी पुढे ढकलता ढकलता नऊ आठवडे उलटून जातात. येत्या हंगामाआधी गाव आरोग्य समितीने आशाताईंच्या फडावरील फेरीचा वार ठरवावा, आणि तो वार मुकादमालाही लेखी कळवावा.