दाराची उंची



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कामगार-कायद्यावर बोलायला सांगितले असते तर ते माझ्या सवयीचे होते. शाळेविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, मी शाळेत फार दिवस राहिलो नाही. दहावीनंतर कारखान्यात गेलो आणि पुढचे सारे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर झाले. शाळेकडे मी बाहेरून पाहतो, आणि बाहेरच्या माणसाला आधी दाराची उंची दिसते.

आज मी सैनिक शाळांविषयी बोलणार आहे. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी आपल्याच राज्यात, साताऱ्यात उघडली. कल्पना त्या वेळचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांची. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. आपल्या विदर्भाला मात्र २०१९ पर्यंत थांबावे लागले. त्या साली चंद्रपूर-बल्लारपूरच्या बाजूला दुसरी शाळा सुरू झाली. कोळसा खाणींच्या त्या मुलखात माझे नेहमी जाणे-येणे असते, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

या शाळांचे ध्येय स्थापनेच्या वेळीच सांगितलेले आहे. फौजेतले अधिकारी काही ठराविक प्रांतांतून आणि पब्लिक स्कूलची फी परवडणाऱ्या घरांतून येत. ही विषमता मोडावी, सामान्य माणसाच्या मुलाला तसल्या तोडीचे शिक्षण मिळावे आणि त्याला खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठी तयार करावे, हा हेतू. माझ्यासारख्या लाल बावट्याच्या माणसाने निवडक मुलांच्या शाळेला विरोध करावा, अशी काहींची अपेक्षा असेल. मी तो करणार नाही. कामगार-शेतकऱ्याचा मुलगा शिपाई म्हणून फौजेत पूर्वीपासून जातच होता. त्याच्या खांद्यावर तारा यावा, असे सरकारने म्हटले तर त्यात वाईट काय? हे ध्येय मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच त्याच ध्येयाच्या गजाने शाळेला मोजण्याचा हक्क मी मागतो.

आधी दार पाहू. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत १२५ प्रश्न, ३०० गुण आणि वेळ अडीच तास. म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटदेखील येत नाही. ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताला. उरलेले भाषा, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता यांना पन्नास-पन्नास. दहा-अकरा वर्षांच्या पोराने भराभर वाचून योग्य गोल काळा करायचा. यात हुशारी लागते, नाही कसे म्हणू? पण त्याहून जास्त सराव लागतो, आणि सराव विकत मिळतो. एकमान पद्धतीची उदाहरणे आपण सगळ्यांनी सोडवली आहेत : इतके मजूर इतक्या दिवसांत भिंत बांधतात, तर निम्मे मजूर किती दिवसांत बांधतील? त्या गणितातले मजूर कधी आजारी पडत नाहीत, त्यांची मजुरी तुंबत नाही आणि त्यांना मुलेही नसतात! ज्याच्या घरी खरा मजूर आहे त्या मुलाला हे उदाहरण एका मिनिटात सोडवण्याचा सराव कोणी द्यायचा? शिकवणीवर्गाची फी त्याच्या बापाच्या महिन्याच्या किराण्याएवढी असते.

भाषेची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते, ही चांगली सोय. मात्र आत गेल्यावर सगळे शिक्षण इंग्रजीतून. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा घर सुटल्याचे दुःख आणि नव्या भाषेचे ओझे एकाच आठवड्यात उचलतो. पहिले वर्ष भाषेच्या पुलासाठी मोकळे ठेवायला काय हरकत आहे? वर्षाचा खर्च लाखाच्या वर जातो. उत्पन्नाप्रमाणे शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यासाठीचे दाखले तहसीलीतून आणताना कंत्राटी कामगाराचे दोन-तीन रोज बुडतात, हे अर्ज तयार करणाऱ्याला कधी सुचत नाही.

आता आत काय शिकवतात ते पाहू. पहाटेची कवायत, वर्ग, खेळ, रात्रीचा अभ्यास, एन.सी.सी.; अकरावी-बारावीला विज्ञान शाखा. सगळा रोख प्रबोधिनीच्या परीक्षेकडे. त्या परीक्षेत गणिताला ३०० आणि सामान्य क्षमतेला ६०० असे लेखी ९०० गुण. आणि मंडळी, तेवढेच ९०० गुण निवडमंडळापुढच्या पाच दिवसांना आहेत! तिथे मुलांच्या गटाला एक फळी, एक बल्ली आणि एक दोर देतात आणि अमुक ओझे अमुक अडथळ्यावरून पलीकडे न्या म्हणतात. कोण पुढे होतो, कोण दुसऱ्याचे ऐकतो, कोण चिडतो, ते अधिकारी बाजूला उभे राहून टिपतात.

हे मी प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. अहो, आमच्या कारखान्यातले खलाशी जड यंत्र हलवताना फळी, बल्ली आणि दोर घेऊन रोज हीच परीक्षा देतात! त्यांना त्याचे गुण कोणी देत नाही. ज्या गुणांना फौज सतराव्या वर्षी लेखी परीक्षेइतके मोल देते, ते कामकऱ्यांच्या वस्तीत चालता-बोलता दिसतात. दहाव्या वर्षी मात्र त्यांची विचारपूसच होत नाही.

इथे जुनी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९३७ साली आपल्या नागपूरच्या डॉ. मुंजे यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इथून जवळच, वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण-परिषद भरवली, आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा अभ्यासक्रम आखला. शाळेचे साडेपाच तास; त्यातले तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला आणि शारीरिक शिक्षणाला अवघी दहा मिनिटे! एका वाटेवर कवायत, दुसऱ्या वाटेवर टकळी. सैनिक शाळा पहिल्या वाटेने आल्या, हे त्यांच्या कामाला धरून आहे. दहा मिनिटांत सेनाधिकारी घडत नाही. परंतु उद्या ज्याला रणगाडा दुरुस्त करणाऱ्या माणसांचा प्रमुख व्हायचे आहे, त्याच्या हाती विद्यार्थिदशेत पाना यायला नको काय? माझी मागणी बेताची आहे. आठवीपासून आठवड्यातून एक पूर्ण दुपार खऱ्या कर्मशाळेत, खऱ्या कारागिराच्या हाताखाली जावी. चंद्रपूरच्या शाळेला तर खाणी, वीजकेंद्र आणि कागदाचा कारखाना शेजारीच आहेत. अधिकारी होणाऱ्या मुलाने पंधरा दिवस फिटरचे हुकूम ऐकले तर त्याची शिस्त बिघडणार नाही.

साठ वर्षे या शाळा बहुतेक मुलग्यांच्याच होत्या. २०२१-२२ पासून त्या सगळ्या मुलींना खुल्या झाल्या. २०२१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रबोधिनीच्या परीक्षेचे दार उघडले आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा मुली तिथून बाहेर पडल्या. तेव्हा, दार बदलता येत नाही असे कोणी म्हणू नये.

तोवर आपल्या हातचे काम आपण करू. प्रवेशवर्षाच्या ३१ मार्चला ज्यांचे वय दहा ते बारा या दरम्यान असेल त्यांना सहावीची परीक्षा देता येते. म्हणजे जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत चौथी-पाचवीला असलेली मुले. इथे बसलेल्यांत निवृत्त शिक्षक बरेच दिसतात. आपल्यापैकी कोणी रविवारचे दोन तास गणितासाठी देणार असतील, तर युनियनची खोली रिकामी असते. फळा मी बसवून ठेवला आहे. सभा संपल्यावर नावे माझ्याकडे द्यावीत.