शिल्लक म्हणजे कोणाचे पैसे?

मी रायपूरच्या एका मराठी मंडळाचा हिशेब सांभाळतो. पूर्वी पावतीपुस्तक होतं, आता सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक सभासदाच्या नावापुढे एक आकडा दिसतो, शिल्लक. बहुतेक वाद त्यावरूनच होतात.

समजा, एका काकांनी एप्रिलमध्ये २,००० रुपये भरले. वर्गणीचे १,२०० नावे पडले, उरले ८००. गणपतीत जेवणाची चार कुपनं घेतली, दीडशेप्रमाणे ६०० नावे. शिल्लक २००. हा आकडा कोणी हाताने भरायचा नसतो, तो जमा-नावे नोंदींतून निघतो. म्हणून जुनी नोंद पुसायची नाही. चेक वटला नाही, तर तेवढीच रक्कम त्या दिवशीच्या तारखेने नावे टाकायची.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पैसे भरणं सोपं झालं. पण काकांची वर्गणी पुण्याहून मुलगा भरतो. बँकेत नाव मुलाचं दिसतं, सभासद क्रमांक नसतो. अशी रक्कम अंदाजाने कोणाच्याही खात्यात टाकू नका. उचंत खात्यात ठेवा, फोन करून विचारा, मग वळती करा.

आता खरी गोम चिन्हात आहे. काही सॉफ्टवेअर संस्थेच्या बाजूने मोजतात: सभासदाकडून येणं असेल तर अधिक, त्याचे जादा पैसे आपल्याकडे असतील तर उणे. काकांपुढे ‘उणे २००’ दिसतं आणि यादी काढणारा त्यांना थकबाकीदार समजतो. अनेक संस्थांत थकबाकीदाराला मतदान करता येत नाही. म्हणजे ज्याने आगाऊ पैसे भरले, त्याचंच नाव मतदार यादीतून गळतं!

रायपुरात आपण घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी-छत्तीसगढी, आणि पडद्यावर इंग्रजी वाचतो. म्हणून आकड्याशेजारी सरळ लिहा: ‘तुमचे जमा’ किंवा ‘तुमच्याकडून येणे’.

आणखी एक. काकांचे ते २०० रुपये मंडळाचं उत्पन्न नाही, देणं आहे. हॉलची अनामतही तशीच, ती वेगळ्या खात्यात हवी. बँकेत हे सगळे पैसे एकत्र दिसतात आणि मंडळ श्रीमंत वाटतं. मंडपाचा खर्च ठरवण्याआधी या रकमा वजा करून पाहा.

वार्षिक सभेआधी प्रत्येकाला खातेउतारा पाठवा, हरकतीला पंधरा दिवस द्या, आणि मगच मतदार यादी लावा. एवढं या वर्षी करून पाहा.