चित्राखालची पाटी नंतर वाचावी

गोष्ट सांगणारी चित्रे दोन तऱ्हांची असतात. रविवर्म्याचे हंस-दमयंती पाहणाऱ्याला कथा आधीच ठाऊक असते. दुसऱ्या तऱ्हेत चित्रकार एकच क्षण दाखवतो. त्याच्या आधी काय घडले, पुढे काय होणार, हे पाहणाऱ्याने ओळखायचे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये अशा चित्रांना बहर आला.

अंधेरी सोडून संथ निघालेल्या लोकलमधून एखादी उजेडाची खिडकी दिसते. आत कोणी कागद हातात धरून बसलेले, कोणी पाठ फिरवून उभे. तोवर गाडी पुढे सरकते. चित्रकार ती गाडी खिडकीसमोर थांबवतो, पण आतले बोलणे ऐकू येऊ देत नाही. म्हणून खोलीतल्या वस्तू न्याहाळाव्या लागतात.

ऑगस्टस एग या इंग्लिश चित्रकाराने 1858 मध्ये तीन चित्रांची मालिका शीर्षकाविना मांडली. सोबत डायरीतला वाटावा असा एक उतारा तेवढा होता. पहिल्या चित्रात बाई जमिनीवर पालथी पडली आहे, नवऱ्याच्या हातात पत्र आहे. अर्ध्या सफरचंदात सुरी खुपसलेली आहे आणि मुलींचा पत्त्यांचा बंगला कोसळतो आहे. संसार मोडल्याचे या वस्तूच सांगतात. जो फक्त पाटी वाचतो, तो खिडकी सोडून स्टेशनचे नाव वाचणारा प्रवासी.

मराठी चित्रकलेतही हे घडले आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीचे 1895 चे सुवर्णपदक मिळवणाऱ्या चित्रकार धुरंधरांच्या चित्राचे नावच ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ असा प्रश्न आहे. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचे ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. एका हातात दिवा, दुसऱ्याचा आडोसा, बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड. त्यासाठी चित्रकाराची मुलगी गीता उभी राहिली होती, हे प्रसिद्ध आहे. तेवढे कळले की लोक समाधानाने पुढे जातात. पण ती बाई दिवा घेऊन कुठे निघाली, कोणाची वाट पाहते, हे त्या माहितीने कळत नाही. पुन्हा सांगायचे ते हेच: माहिती नंतर, आधी चित्र.

चर्चगेटला उतरले की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत गाठता येते. सर रतन आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातली युरोपीय चित्रे तिथे आहेत. श्रोत्यांनी त्यातल्या निदान एका चित्रासमोर पाच मिनिटे उभे राहावे, आणि मगच पाटी वाचावी.