बिबट्याचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. त्यातून बिबट्यावर बोलणार म्हटल्यावर आपल्या चिटणीसबाईंनी दोनदा विचारले, "नक्की ना?" पण माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. तिकडे हा विषय अंगणापर्यंत आलेला आहे.

आमच्या लहानपणी तिथे बाजरी असे. पुढे कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पाटाला पाणी आले आणि जिकडेतिकडे ऊस उभा राहिला. आपल्याला त्यात साखर दिसली. बिबट्याला दाट आडोसा, पाणी आणि वस्तीवरची कुत्री, शेळ्या दिसल्या. मादी आता उसातच पिले घालते.

माणसांवरही हल्ले होऊ लागले. तेव्हा २००१च्या सुमारास बिबटे पिंजऱ्यात धरून दुसरीकडच्या जंगलांत नेऊन सोडले. उंदीर सापळ्यात धरून आपण गल्लीच्या टोकाला सोडतो ना, तसेच! पण झाले उलटे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात जुन्नरचे आकडे आहेत. पूर्वी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते या काळात १७ झाले. परक्या मुलखात टाकलेले जनावर बिथरते, आपल्या जागेची वाट शोधू लागते. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला पकडलेला एक म्हातारा बिबट्या गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. त्याला 'आजोबा' म्हणत. तो तिथे राहिलाच नाही. सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोहोचला. त्याच्यावर पुढे चित्रपटही निघाला.

जे सोडण्याजोगे नाहीत, म्हणजे जायबंदी झालेले किंवा लहानपणीच आईवेगळे झालेले, त्यांच्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र झाले. २००७ पासून तिथे वनखात्याबरोबर वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था काम करू लागली. तिथे औषधपाणी होते, पोटाला मिळते. पण आईवेगळ्या पिलाला शिकार शिकवणार कोण? त्याचा सारा जन्म गजांआड जातो.

तीन वर्षांपूर्वी दादाच्या शेतात ऊसतोड चालू असताना दोन पिले सापडली. मुलांनी ती मांजराची समजून घरी आणली. वहिनींनी दूध कोमट केले. सुदैवाने वनखात्याची माणसे लवकर आली. डॉक्टरांनी पिले तपासली, अंगावरच्या गोचिड्या काढल्या. दिवस मावळताना, सापडली त्याच जागी, भाजीच्या क्रेटमध्ये ती ठेवायची असे ठरले.

वहिनी संतापल्या. "माझी नातवंडे इथे खेळतात. न्या की माणिकडोहला!" त्यांचे काय चुकले? वनरक्षकाने शांतपणे सांगितले, "वहिनी, पिले नेली तर आई इथेच घिरट्या घालील." वहिनींचे घर निदान पक्के तरी आहे. तोडणीवाल्यांच्या कोप्यांना दारे नसतात आणि त्यांची लेकरे फडाच्या कडेलाच निजतात. ही गोष्ट मला अजून टोचते. दादाने मुकादमाला बोलावले आणि त्या रात्री सगळी टोळी, लेकरांसकट, आमच्या पडवीत झोपली. वहिनींनी पिठले-भाकरी केली, तीही रागातच.

पहाटे क्रेट उलथलेले होते. कॅमेऱ्यातली चित्रे वनरक्षकाने आम्हाला दाखवली. मादी साडेआठला आली आणि एक पिलू घेऊन गेली. दुसऱ्यासाठी ती पावणेदहाला परत आली. वहिनी बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "मान कशी अलगद धरलीय बघा."

त्यांची भीती गेली असे मी म्हणणार नाही. त्याच आठवड्यात त्यांनी गोठ्याला जाळीचे दार करून घेतले. दिवेलागणीच्या आत मुलांना घरात घेतात. आणि तोडणीची टोळी आली की कोप्या फडाजवळ घालू देत नाहीत, घरामागच्या मोकळ्या जागेत घालायला लावतात. तिथे दादाने रात्रभर जळणारा दिवा लावला आहे.