थंडी भुयेसून येता



तुमच्यातली काही कुटुंबं दर हिवाळ्यात बर्फात तंबू ठोकून राहतात. पाठीवर ओझं कमी आणि रात्री ऊब पुरेशी, हे कसं जमवावं यावर बोलायला तुम्ही मला खारेपाटणहून बोलावलंत. बर्फावर मी झोपलो तो तिशीनंतर, हिमाचलात. आमच्या गावी तर पौषातसुद्धा दोन पांघरुणांत भागतं. तरी सुरुवात मी गावापासूनच करणार आहे, कारण या विषयातली मुख्य गोष्ट मला तिथेच, भाताच्या खळ्यावर कळली.

मुंबईहून गोव्याकडे जाताना सिंधुदुर्गात शिरलात की लगेच खारेपाटण लागतं. शुक नदीचा काठ, पुढे विजयदुर्गची खाडी. एकेकाळी हे मोठं बंदर होतं. शिलाहार राजा रट्टराजाचा शके 930 चा ताम्रपट इथलाच. हल्ली गाव बातम्यांत येतं ते पावसाळ्यात, नदीचं पाणी बाजारात शिरलं की.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. कापणी झालेली, भात खळ्यावर रचलेलं, आणि राखणीला आजोबांबरोबर मी. त्यांनी आधी वीतभर जाडीचा पेंढा पसरला. पायाने दाबून पाहिला आणि अजून एक भारा सोडला. त्यावर गोणपाट, गोणपाटावर घाटावरून आणलेलं कांबळं दुहेरी घडी घालून. अंगावर मात्र आजीची जुनी वाकळ. चांगलं कांबळं खाली आणि विटकी वाकळ वर, याचा मला राग आला होता. आजोबा म्हणाले, "थंडी वयरसून येणा नाय रे, भुयेसून येता." पहाटे वाकळीवर हात फिरवला तर दहिवराने ओली. खाली पेंढ्यात हात घातला तर कोरडा आणि चक्क कोमट.

हे मी विसरलो आणि त्याची किंमत मोजली. कॉलेज सुटल्यावर पहिल्या पगारातून पिसांची भारी स्लीपिंग बॅग घेतली आणि डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर गेलो. देवळाजवळच्या लेण्यात, कातळावर पातळ प्लास्टिकची चटई टाकून झोपलो. रात्री दोनला जाग आली ती कंबर आणि खांदा दुखूनच. वरून घाम आणि खालून हुडहुडी! शेवटी पाठपिशवी रिकामी करून कमरेखाली घेतली, दोराचं वेटोळं खांद्याखाली सारलं, तेव्हा कुठे डोळा लागला.

कारण साधं आहे. पिसं किंवा धागे स्वतः ऊब देत नाहीत. त्यांच्यात अडकलेली हवा आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. आपण त्यांवर आडवे झालो की वजनाने ती हवा निघून जाते आणि पाठीखाली उरतं फक्त कापड. पेंढा मात्र वजनाखाली पूर्ण दबत नाही, त्याच्या नळ्यांत हवा टिकते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: पैसे आणि वजन दोन्ही आधी चटईवर खर्च करा, मग पांघरुणाकडे वळा.

चटई किती थंडी अडवते याचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू. 2018 पासून तो मोजण्याची एक सामाईक पद्धत आहे, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या चटया आता शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. घडीची फोमची चटई साधारण 400 ग्रॅमची, आर-व्हॅल्यू दोनच्या आसपास. बर्फावर झोपायचं तर पाच किंवा त्याहून जास्त हवी. यातली सोयीची गोष्ट अशी, की दोन चटया एकावर एक घातल्या तर आकड्यांची बेरीज होते. फोमवर हवा भरायची अस्तरवाली चटई घालायची, हीच रचना मला सगळ्यात भरवशाची वाटते. रात्री हवेची चटई फुटली तरी खाली फोम असतो. आजोबांचा पेंढा आणि कांबळं म्हणजे हेच की.

बॅगेवरचे तापमानाचे आकडे वाचताना सावध राहा. त्यात कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन असतात. खरेदी करताना फक्त कम्फर्ट बघा. एक्स्ट्रीम हा जीव कसाबसा वाचण्याचा आकडा आहे. आणि हे सगळे आकडे तापवलेल्या पुतळ्याला बॅगेत घालून काढतात, तेव्हा पुतळ्याखाली नीट चटई असते. तुमच्याखाली ती नसेल तर बॅगेवरचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

वजन कमी करणारी मंडळी हल्ली बॅगेऐवजी क्विल्ट घेतात. पाठीखालची पिसं दबून वायाच जातात, मग ती बाजूच काढून टाकलेली. नुसतं वरून पांघरायचं, कडा पट्ट्यांनी चटईला अडकवायच्या. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला आजीची वाकळच आठवली. तिलाही पाठ नव्हती, आणि तिच्याखाली आम्ही तिघं भावंडं झोपायचो. नवरा-बायको दोघं जात असाल तर जोडीचा क्विल्ट घ्या, थोडं वजन वाचतं. मात्र कूस बदलताना वारा शिरतो, आणि डोक्याला लोकरी टोपी हवीच. उणे सात-आठच्या खाली मी स्वतः टोपडं असलेली पूर्ण बॅगच घेतो.

आता ओलीबद्दल, कारण तिथे माणसं फार फसतात. रात्रभर अंगातून वाफ निघते आणि कडक थंडीत ती पांघरुणातच गोठते. 1911 च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात चेरी-गॅरार्ड नावाचा मोहिमवीर आणि त्याचे दोन सोबती पेंग्विनची अंडी आणायला गेले होते. निघताना साधारण 8 किलोंची असलेली त्याची झोपायची पिशवी पाच आठवड्यांनी परतताना 20 किलोंची झाली होती. वाढलेलं सगळं वजन बर्फाचं. पिसं ओली झाली की चिकटतात आणि ऊब संपते. तेव्हा पिशवीत तोंड घालून श्वास सोडू नका, आणि सकाळी ऊन दिसलं की तंबू आवरण्याआधी पांघरूण उलटं करून वाळत घाला. लोकर इथे उजवी, ओली झाली तरी थोडी ऊब धरते. म्हणून तर आमच्याकडे भर पावसात कांबळ्याची खोळ डोक्यावर घेऊन लोक लावणी करायचे. पण घोंगडी दीड-दोन किलोंची. पाठीवर ती न्यायला मी सांगणार नाही. लोकरीचे पायमोजे आणि आतले कपडे मात्र न्याच.

त्या मागच्या टेबलावर फोमची चटई, हवेची चटई, क्विल्ट, कांबळं आणि आजीची वाकळ मांडून ठेवली आहे. शेजारी वजनकाटाही आहे. प्रत्येक वस्तू कोपराने दाबून बघा आणि दाबल्यावर खाली किती जाडी उरते तेवढंच पाहा. वाकळ जरा जपून हाताळा, तिचे टाके सुटत आलेत.