शोधा, पाहा, मग बदला

संगणकावर मजकूर उतरवताना बोट जरा रेंगाळले, की एका मोकळ्या जागेच्या दोन होतात, एका स्वल्पविरामाचे दोन. तीनशे पानांतून हे वेचून काढणे म्हणजे तांदळातले खडे निवडणेच! अशा वेळी आपण संगणकाला एक नमुना सांगू शकतो: ‘कोणतेही चिन्ह, आणि त्याला लागून पुन्हा तेच, कितीही वेळा, सापडेल तिथे एकच ठेव.’ या विद्येचा गणिती पाया स्टीफन क्लेनी यांच्या १९५६ च्या लेखात आहे. केन टॉम्सन यांनी १९६८ मध्ये ती मजकुराच्या शोधाला जोडली.

पण हा हुकूम सरसकट सोडून पाहा बरे! गगनाचे ‘गन’ होते, शशीची ‘शी’ होते, आणि हिशेबातल्या १००० रुपयांचे उरतात १०! ‘पक्का’ तेवढा वाचतो. कारण संगणकाच्या लेखी त्यातल्या दोन ‘क’मध्ये पाय मोडल्याची खूण असते. नमुन्याला आकार कळतो, अर्थ नाही.

तेव्हा ‘कोणतेही चिन्ह’ म्हणू नये. फक्त मोकळी जागा, फक्त स्वल्पविराम, असे नाव घेऊन सांगावे. मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवावी. आधी नुसते शोधावे, सापडलेले नजरेखालून घालावे, आणि मगच बदलावे. अर्थ राखण्याचे काम शेवटी आपलेच.