बसा, पण बसून राहू नका

सकाळची धुणीभांडी आटोपून, चहाचा कप हातात घेऊन ऐकत असाल, किंवा ऐकता ऐकता भाजी निवडत असाल. आज मी थोडं माझ्या पायांबद्दल बोलणार आहे. कंटाळवाणा विषय वाटला तरी दहा मिनिटं थांबा. तुमच्या घरात नसेल, पण गल्लीत एखादी बाई असेल, जिला ही गोष्ट कुणी सांगितलेली नसेल.

मी चांदूर बाजारची सून. बारा वर्षांपूर्वी, मी 29 वर्षांची असताना, एक दिवस बाजारातून घरी आले तेव्हा डाव्या पायातली चप्पल नव्हती. कुठे निसटली ते कळलंच नव्हतं. त्याआधी एका डोळ्याला पंधरा दिवस धुरकट दिसत होतं, ते आपोआप बरं झालं म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. मग पाय ओढायला लागला. कुणी म्हणालं रक्त कमी आहे, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. टॉनिक झालं, सलाईन झालं, उतारा झाला. दोन वर्षांनी नागपूरला एमआरआय झाला आणि नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. सगळे त्याला एम.एस. म्हणतात.

डॉक्टरांनी सांगितलं ते मी आपल्या भाषेत सांगते. विहिरीवरच्या मोटारीला वायर जाते ना, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण असतं. ते जागोजागी उखडलं तर करंट नीट पोचत नाही. मोटार चांगली असते, बटणही चांगलं असतं, मधली वायर खराब. मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरही असंच आवरण असतं. या आजारात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती चुकून त्या आवरणावरच हल्ला करते. म्हणून कुणाला दिसायला त्रास, कुणाला मुंग्या, कुणाचा तोल जातो, कुणाला लघवी आवरत नाही. आणि थकवा तर जवळजवळ सगळ्यांनाच.

हा आजार शिवल्याने होत नाही. शाप नाही, करणी नाही. फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी 1868 मध्येच त्याचं नीट वर्णन करून ठेवलं आहे. जगात 28 लाखांहून जास्त लोकांना तो आहे. बहुतेकांना 20 ते 40 या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून जास्त होतो. म्हणजे नेमका लेकराबाळांच्या, संसाराच्या वयात. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे तो कमी आढळतो, म्हणून पुष्कळदा ओळखायलाच उशीर होतो.

आता मुद्द्यावर येते. नाव कळल्यावर घरात सगळ्यांनी एकच ठरवलं: हिला आराम. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, मायाळू. मी उठले की म्हणायच्या, "कायले उठतं वं? पडून राह्य. मी करतो सारं." झाडू हातातून गेला, पोळपाट गेलं, शेवटी पाण्याचा तांब्याही कुणीतरी आणून द्यायला लागलं. आठ महिने मी बाजेवर होते. प्रेमानेच होते, यात शंका नाही. पण त्या आठ महिन्यांत मांड्या बारीक झाल्या, गुडघे आखडले, पोट साफ होईना, आणि रात्री झोप येईना. एका नातेवाइकाने तर माझ्या ऐकण्यात म्हटलं, "आता ही काय कामाची? माहेरी पाठवून द्या." माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिनेही ते ऐकलं.

त्यानंतर एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी माझे पाय तपासले आणि विचारलं, "यातलं आजाराने किती गेलं आणि बाजेने किती गेलं, सांगता येईल?" मला रडूच आलं. त्या म्हणाल्या, "आजाराने गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. बाजेने गेलेलं पुष्कळसं परत आणता येतं."

घरच्यांना दोष देऊन उपयोग नाही. पूर्वी डॉक्टरही एम.एस.च्या रुग्णांना व्यायाम टाळा, शक्ती राखून ठेवा असंच सांगत. 1996 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एम.एस.च्या 54 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाने पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा बेताचा व्यायाम केला. त्यांचा दम वाढला, ताकद वाढली, मनही सुधारलं. नंतर असे पुष्कळ अभ्यास झाले. व्यायामाने आजाराचा झटका येतो ही भीती खरी ठरली नाही. उलट थकवा कमी होतो आणि चालणं सुधारतं असं दिसलं. पण एक लक्षात ठेवा: व्यायाम म्हणजे औषध बंद करण्याची परवानगी नाही. औषध आपल्या जागी, हालचाल आपल्या जागी.

अमेरिकेत हे अभ्यास बरीच वर्षं मुख्यतः गोऱ्या लोकांवरच झाले. आता तिथले अभ्यासक स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांमधल्या रुग्णांचाही वेगळा विचार करू लागले आहेत. मला ते पटतं. व्यायाम एकच असला तरी घर वेगळं असतं, भाषा वेगळी असते. इंग्रजी कागदावर लिहिलेलं "जिमला जा" हे चांदूर बाजारच्या सुनेला काय कामाचं? आपल्याला आपलं अंगण धरूनच बोललं पाहिजे.

आणि आपल्या अंगणात पहिली अडचण ऊन. एम.एस.मध्ये अंग तापलं की त्या उघड्या वायरीतून करंट आणखी कमी जातो. जर्मनीचे डोळ्यांचे डॉक्टर उथॉफ यांनी हे 1890 मध्ये लिहून ठेवलं. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. माझे पाय दुपारी अक्षरशः कापसाचे होतात. पहिल्या वर्षी वाटलं, आजार वाढला. पण कूलरसमोर बसून, मानेवर ओला पंचा ठेवला की थोड्या वेळात पाय परत येतात. हे गरमीचं नाटक, आजाराचं नव्हे. मात्र नवा त्रास सुरू होऊन, गार होऊनही चोवीस तासांपेक्षा जास्त टिकला, तर डॉक्टरांकडे जायचं. ताप असेल किंवा लघवीला जळजळ असेल तर तेही सांगायचं, कारण त्यानेही पाय ढिले पडतात.

म्हणून मी उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला चालते. ओढणी भिजवून पिळून गळ्यात. सुरुवात केली तेव्हा ओट्यापासून फाटकापर्यंत, पाच मिनिटं. मग थांबायचं. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवायची. कॅनडाच्या तज्ज्ञांनी सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांसाठी सांगितलं आहे: आठवड्यातून दोनदा तीस तीस मिनिटं दम लागेल असा व्यायाम, आणि दोनदा ताकदीचा. दम किती? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. तीस मिनिटांचे दहा दहाचे तीन तुकडे केले तरी चालतात. मला तिथे पोचायला वर्ष लागलं.

ताकदीसाठी जिम लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, आधी पाच वेळा, मग दहा. भिंतीला तळहात लावून हात वाकवायचे, सरळ करायचे. चौकट धरून टाचा उचलायच्या. पिंढऱ्या ताणायच्या, म्हणजे रात्री गोळे कमी येतात. ज्यांना उभं राहता येत नाही, त्यांनी बसून हात आणि पाय हलवायचे. पहिल्यांदा मात्र डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवूनच सुरुवात करा.

तुम्ही म्हणाल, घरकाम होतंच की. होतं, पण घरकामात थकवा येतो, ताकद वाढतेच असं नाही. एकच हात, एकच कंबर. मी आता पोळ्या उंच स्टुलावर बसून लाटते आणि वाचलेली शक्ती चालण्याला देते. आधी मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपण बायका बोलत नाही. लघवी आवरत नाही म्हणून कितीतरी जणी बाहेर चालायला जात नाहीत, आणि पाणीच पीत नाहीत. पाणी तोडू नका. निघण्याआधी जाऊन या, घराभोवतीच फेऱ्या मारा, आणि डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहेत. मागे पट्टा असलेली चप्पल घाला. संडासात धरायला दांडी बसवा. आणि काठीची लाज सोडा. मी तोल जाऊन चालायचे तेव्हा लोक काहीबाही बोलायचे. काठी घेतली आणि बोलणं थांबलं.

आपला जिल्हा व्यायामाचा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे. पण व्यायाम म्हणजे फक्त मल्लखांब आणि कुस्ती नव्हे. बाजेवरून उठून फाटकापर्यंत जाणं हाही व्यायामच.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एम.एस. आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणी होऊन प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात. मुंबईत 1985 साली सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांसाठीची संस्था आहे. तिथे आपल्यासारख्या लोकांशी बोलायला मिळतं.

मी बरी झाले असं सांगायला आलेले नाही. डावा पाय अजून ओढतो. गेल्या वर्षी झटका आला, तीन आठवडे चालणं बंद होतं, मग परत पाच मिनिटांपासून सुरुवात केली. पण माझी मुलगी आता 16 वर्षांची आहे आणि तिच्या शाळेच्या कार्यक्रमाला मी काठी घेऊन, माझ्या पायांनी गेले. मला माहेरी पाठवायला सांगणारे तेही तिथे होते. मी त्यांना नमस्कार केला.

आत्याबाईंचे गुडघे दुखतात, त्याही सकाळी माझ्यासोबत निघतात. फाटकाशी आलो की म्हणतात, "थकली तं बस वं माय, पन बसूनच नको राहू." एवढंच मला आज तुम्हाला सांगायचं होतं. तुमच्या गल्लीतल्या त्या बाईलाही सांगा.